मेजर टॉमस कँडी

मराठी पुस्तकाचे कोणतेही पान उघडले, तर अक्षरांच्या ओळींत मधूनमधून लहान लहान खुणा दिसतात. कोठे नुसते टिंब, कोठे शेपटी असलेले टिंब, कोठे प्रश्नाची आकडी, तर कोठे उद्गाराची उभी रेघ. ह्या खुणांना स्वतःचा उच्चार नाही. त्या कोणी वाचून दाखवीत नाही. तरीही त्या नसतील तर वाचणाऱ्याची वाट चुकते. त्यांपैकी सर्वांत अधिक वेळा येणारी आणि सर्वांत अधिक वेळा चुकणारी खूण म्हणजे स्वल्पविराम.

ही खूण मराठीच्या जन्मापासून तिच्याबरोबर नव्हती. ज्ञानेश्वरांनी ती पाहिली नव्हती, तुकोबांना तिची गरज भासली नव्हती, आणि पेशव्यांच्या दप्तरातील लाखो कागद तिच्यावाचून लिहिले गेले. ती इंग्रजीतून मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात. मराठीच्या घरात तिला रीतसर जागा करून देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते गृहस्थ महाराष्ट्रात जन्मलेले नव्हते, की मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती. त्यांचे नाव मेजर टॉमस कँडी.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉइल ह्या खेड्यात झाला. लंडनच्या सेंट पॉल मंदिराची रचना करणारा थोर स्थापत्यविशारद क्रिस्टोफर रेन हाही ह्याच गावचा. टॉमस यांना जॉर्ज नावाचा एक जुळा भाऊ होता. टॉमस यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथील मॅग्डालेन कॉलेजात झाले. हिंदुस्थानातील भाषांचाही त्यांनी विशेष अभ्यास केला. पुढे १८२२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते आपल्या भावाबरोबर हिंदुस्थानात आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दुभाष्याचे काम करू लागले.

पेशवाई बुडून तेव्हा चारच वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना प्रजेची भाषा येत नव्हती आणि प्रजेला राज्यकर्त्यांची. अशा वेळी दुभाष्याच्या एका चुकीच्या शब्दाने एखाद्याची जमीन जाई किंवा एखाद्यावर नाहक आळ येई. कँडी यांनी भाषेचा अभ्यास आरंभिला तो ह्या जबाबदारीच्या जागी उभे राहून. शब्दाचा नेमका अर्थ कळला पाहिजे आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत नेमकाच पोचला पाहिजे, हा कटाक्ष त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येतो.

त्या सुमारास जेम्स मोल्सवर्थ नावाचे दुसरे एक लष्करी अधिकारी मराठीचा कोश रचण्याच्या खटपटीत होते. मराठी लोक त्यांना पुढे आदराने मोलेसरशास्त्री म्हणू लागले. सरकारने त्यांच्या कोशाला आश्रय दिला; अनेक शास्त्री मदतीस दिले; आणि टॉमस व जॉर्ज हे दोघे कँडी बंधूही त्यांचे साहाय्यक झाले. गावोगावीचे, धंद्याधंद्यांतील शब्द गोळा करावे, त्यांचे अर्थ पारखावे, ते कोठे आणि कसे वापरतात ह्याची चौकशी करावी, असा हा वर्षानुवर्षांचा उद्योग होता. मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते.

त्यानंतर मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोशाला हात घातला. परंतु अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि काम अर्धवट टाकून त्यांना इंग्लंडला परत जावे लागले. ते अपुरे काम कँडी यांनी आपल्या शिरावर घेतले. जॉर्ज कँडी यांनी लष्कर सोडून धर्मोपदेशकाचा मार्ग पत्करला होता. टॉमस मात्र कोशाला चिकटून राहिले. अखेर १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश छापून बाहेर पडला. दुसऱ्याने आरंभिलेले काम पुरे करण्यात कीर्ती थोडी आणि कष्ट फार असतात. कँडी यांनी ते कष्ट कुरकुर न करता सोसले, आणि पहिल्या पानावर मोल्सवर्थ यांचे नाव आरंभकर्ते म्हणून सन्मानाने राहिले.

दरम्यान कँडी पुण्यास आले होते. तेथे विश्रामबागवाड्यात सरकारने १८२१ साली एक संस्कृत पाठशाळा काढली होती. १८३७ च्या सुमारास तिची देखरेख कँडी यांच्याकडे आली. पुढे १८५१ साली ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज स्थापन झाले, तेव्हा त्याचे प्रमुखपदही त्यांनाच मिळाले. आज डेक्कन कॉलेज म्हणून जी संस्था प्रसिद्ध आहे, तिचे हे पूर्वरूप होय. मराठी शाळांची तपासणी, त्यांच्यासाठी पुस्तके तयार करविणे, आलेली हस्तलिखिते वाचून दुरुस्त करणे अशी अनेक कामे त्यांच्याकडे असत. जोतीराव फुले यांचा स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे सत्कार झाला, तेव्हा त्यांना शालजोडी अर्पण करण्याचा मान मेजर कँडी यांनाच मिळाला होता.

हस्तलिखिते वाचता वाचता एक अडचण कँडी यांच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मराठी लेखनाला श्वास घेण्यासाठी जागाच नव्हती.

त्या काळच्या लेखनाची रीत आजच्याहून फार निराळी होती. पोथ्या बालबोध लिपीत असत. त्यांत शब्दाला शब्द लागून येई. श्लोकाच्या किंवा ओवीच्या चरणाशी एक उभा दंड, आणि ती संपली की दोन दंड, एवढीच काय ती खूण. जमाखर्च, पत्रे, सनदा ही मोडीत लिहीत. मोडी लिहिणारा आधी ओळीच्या माथ्याची रेघ ओढी आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. वाक्य कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे डोळ्यांना दिसत नसे. ते मनाने ओळखावे लागे.

पूर्वीच्या लोकांचे ह्यावाचून अडले नाही, ह्याचे कारण उघड आहे. पोथी ही प्रायः मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी असे. पुराणिकबुवांना ती जवळजवळ पाठ असे. कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, कोठे प्रश्नाचा सूर लावावा, हे त्यांना गुरूकडून मिळालेले असे. पद्याला तर छंदाचाच आधार होता. विरामाची खूण कागदावर नसली, तरी ती वाचणाऱ्याच्या कंठात होती.

परंतु छापखाना आला आणि सगळेच पालटले. एका पुस्तकाच्या शेकडो प्रती निघू लागल्या. त्या कोठल्या कोठे, अनोळखी वाचकांच्या हाती जाऊ लागल्या. त्यांत श्लोकांऐवजी भूगोल, इतिहास, गणित, कायदा असे गद्य विषय येऊ लागले. शाळेतला दहा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून एकटाच बसे. त्याच्या शेजारी पुराणिकबुवा नसत. कोठे थांबावे हे त्याला सांगणार कोण? ते काम आता कागदालाच करावे लागणार होते.

कागदाकडून हे काम करून घेण्याची कला युरोपात फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे अलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस याने ओळीत वर, मध्ये आणि खाली टिंबे देऊन लहानमोठे विराम दाखविण्याची युक्ती काढली. कॉमा हा शब्दही मूळचा ग्रीक. तोडलेला तुकडा असा त्याचा अर्थ. आरंभी हे नाव वाक्याच्या तुकड्याला होते, पुढे ते त्या तुकड्याशेवटी येणाऱ्या खुणेला मिळाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस नगरीतील आल्डस मानुशियस ह्या मुद्रकाने आपल्या सुबक पुस्तकांतून ह्या खुणांना बरेचसे स्थिर रूप दिले. इंग्लंडमध्ये १७९५ साली लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले आणि ते पुढे कितीतरी वर्षे शाळाशाळांतून चालू राहिले. त्यात विरामांचे मापच दिले होते : स्वल्पविराम सर्वांत लहान, अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम त्याच्याही दुप्पट, आणि पूर्णविराम त्याच्या दुप्पट. विराम म्हणजे श्वासाचा हिशेब, ही त्या काळची समजूत ह्यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातही ह्या खुणा अगदीच अनोळखी नव्हत्या. मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून निघणाऱ्या पुस्तकांत त्या डोकावू लागल्या होत्या. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली सुरू केलेल्या दर्पण पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे; तेव्हा इंग्रजीची ही रीत मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर होतीच. परंतु नजरेला पडणे निराळे आणि नियम समजणे निराळे. कोणती खूण कोठे आणि का द्यावी, हे मराठी मुलाला मराठीत समजावून सांगणारे पुस्तक हवे होते. कँडी यांनी १८५० साली ते लिहिले. त्याचे नाव विरामचिन्हांची परिभाषा.

पुस्तक लहानसे, पण त्याचा परिणाम मोठा झाला. विशेष हा, की कँडी यांच्याकडे केवळ पुस्तक लिहिण्याचे काम नव्हते, तर शाळांची पुस्तके तपासण्याचेही होते. त्यामुळे नियम सांगणारा आणि तो अमलात आणणारा माणूस एकच झाला. त्यांच्या हाताखालून जी क्रमिक पुस्तके जात, त्यांत ह्या खुणा येऊ लागल्या. त्या पुस्तकांवर वाढलेली मुले मोठेपणी शिक्षक, कारकून, वकील आणि लेखक झाली. एका पिढीच्या आत ही परकी खूण ओळखीची झाली.

ही खूण इंग्रजीत कोणते काम करते, हे थोडक्यात पाहिले म्हणजे कँडी यांच्यापुढील कामाची कल्पना येईल. इंग्रजीत तीन किंवा अधिक वस्तूंची यादी आली, की प्रत्येक वस्तूनंतर स्वल्पविराम देतात. शेवटच्या अँडच्या आधी तो द्यावा की नाही, ह्याबद्दल इंग्रजांतच मतभेद आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो देण्याची रीत पाळली, म्हणून त्याला ऑक्सफर्ड स्वल्पविराम असे नावच पडले आहे. कोणाला हाक मारली, तर नावानंतर स्वल्पविराम येतो. जर, जेव्हा अशा अर्थाचे गौण वाक्य आधी आले, तर ते संपताच स्वल्पविराम देतात. कर्ता आणि त्याचे क्रियापद ह्यांच्यामध्ये मात्र एकटा स्वल्पविराम घालणे चूक मानतात. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणेही तेथे दोष ठरतो. त्यांच्यामध्ये उभयान्वयी अव्यय तरी हवे, नाहीतर अर्धविराम तरी.

ह्या सर्वांहून नाजूक असा एक नियम आहे. माझा पुण्यास असणारा भाऊ आला, ह्या अर्थाचे वाक्य इंग्रजीत लिहिताना मधला तुकडा स्वल्पविरामांवाचून लिहिला, तर लिहिणाऱ्याला अनेक भाऊ असून त्यांपैकी पुण्याचा आला, असा अर्थ होतो. तोच तुकडा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसविला, तर भाऊ एकच आहे आणि तो पुण्यास असतो ही जाता जाता दिलेली माहिती आहे, असा अर्थ होतो. अक्षर एकही बदलत नाही. पण भावांची संख्या बदलते! स्वल्पविराम म्हणजे केवळ श्वासाची जागा नव्हे, तो अर्थाचाही पहारेकरी आहे, हे येथे दिसून येते.

मराठीत असे नियम जसेच्या तसे आणून चालत नाही, कारण दोन्ही भाषांची चाल भिन्न आहे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि ते आले की वाक्य संपले हे कानाला आपोआप कळते. च, ही, तर अशी अव्यये जो जोर दाखवितात, तो इंग्रजीला पुष्कळदा खुणेने किंवा आवाजाने दाखवावा लागतो. तो म्हणाला की, असे लिहून कीनंतर स्वल्पविराम देण्याची रीत मराठीत रूढ झाली. इंग्रजीत त्या अर्थाच्या दॅट ह्या शब्दापुढे तो देत नाहीत. मोठ्या संख्या लिहिताना इंग्रज तीन तीन अंकांनंतर स्वल्पविराम देतात. आपण हजारानंतर दोन दोन अंकांनी देतो आणि एक लाख १,००,००० असा लिहितो. खूण तीच, पण तिने आपल्या मोजणीची रीत पत्करली. पाहुणा घरात राहू लागला, म्हणजे त्याला घरची शिस्त लागते. तसेच हे झाले.

परंतु अर्थाचा पहारा मात्र मराठीतही तितकाच आवश्यक आहे. एखाद्या कागदावर पुढील शब्द लिहिले आहेत असे समजा : धान्य दिले नाही घेतले. ह्याचा अर्थ काय? नाही ह्या शब्दानंतर थांबलो, तर धान्य दिले नाही, घेतले, असे होते. म्हणजे तो मनुष्य धान्याचा देणेकरी ठरतो. दिले ह्या शब्दानंतर थांबलो, तर धान्य दिले, नाही घेतले, असे होते. म्हणजे तोच मनुष्य येणेकरी ठरतो. बोलताना असा घोटाळा होत नाही, कारण आवाज साक्षीला असतो. पण लिहिणारा कागद सोडून गेला, की मागे साक्षीला उरते ती केवळ ही शेपटीचे टिंब असलेली खूण. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या नावावर दुसरा कोणी कागद लिहून ठेवी, त्या काळात ह्या खुणेचे मोल केवढे असेल, ह्याचा विचार करावा.

पुढे कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार झाले आणि शालेय पुस्तकांप्रमाणेच कायद्यांची मराठीही त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. हिंदुस्थानची दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली. तिच्यासारख्या कायद्यांतील लांबलचक वाक्ये, त्यांतील अटी आणि अपवाद मराठीत आणावयाचे, आणि तेही वाचणाऱ्याला एकच अर्थ लागेल असे आणावयाचे, हे काम विरामचिन्हांवाचून होण्याजोगे नव्हते.

पुस्तके लिहिली जात पुण्यात, पण छपाईचे मोठे केंद्र होते मुंबई. त्या काळी मुंबईहून पुण्यास येणारा माणूस पनवेलपर्यंत पडावातून येई. तेथून चौक, खालापूर अशी गावे घेत तो खोपोलीस पोचे आणि बोरघाट चढून खंडाळ्यास जाई. आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून जाणारा हा रस्ता. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली घाटातून गाड्या जाऊ लागल्या. पुढे १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि कर्जतहून आगगाडी घाट चढू लागली. छापलेली पुस्तके, मुद्रिते, सरकारी टपाल ह्यांच्या मुंबई-पुणे जाण्यायेण्याची हीच मुख्य वाट होती.

ह्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस, नाना फडणिसांनी बांधविलेला मोठा तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. चढणीला लागण्यापूर्वी वाटसरू तेथे टेकत, पाणी पीत, ओझे सावरून घेत आणि मग पुढे निघत. तलावामुळे घाटाची उंची एक हातानेही कमी झाली नाही. पण चढणाऱ्याला तो चढवला. स्वल्पविरामाचे कामही असेच आहे. तो विचाराची चढण कमी करीत नाही; ती चढण्याचे बळ मात्र वाचकाला देतो. जेथे सपाटी आहे तेथे दर दहा पावलांवर धर्मशाळा बांधणे जसे निरर्थक, तसे दर दोन शब्दांनंतर स्वल्पविराम पेरणेही निरर्थक. आणि जेथे खडी चढण आहे, तेथे एकही विसावा न ठेवणे हा वाचकावर अन्यायच होय.

कँडी यांनी हे सर्व एकट्याने केले असे समजणे बरोबर होणार नाही. त्यांच्या भोवती विद्वान शास्त्रीमंडळी होती. नवनीत हा जुन्या मराठी कवितांचा प्रसिद्ध संग्रह १८५४ साली सिद्ध करणारे परशुरामपंत गोडबोले त्यांच्या भाषांतराच्या कचेरीत अनेक वर्षे काम करीत होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी तर १८३६ सालीच मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करून भाषेच्या नियमांचा पाया घातला होता. खूण इंग्रजीची, वाक्य मराठीचे, आणि दोहोंची गाठ घालणारे पंडित ह्याच भूमीचे. असा तो योग होता.

कँडी यांच्या कार्यावर टीकाही झाली. मराठीचा जन्मसिद्ध डौल परक्या माणसाच्या कानाला कसा कळणार, हा आक्षेप साधा असला तरी पोकळ नव्हता. सरकारी पुस्तकांतील भाषा शुद्ध असली तरी पुष्कळदा बेचव होते, इंग्रजी वाक्याची छाया तिच्यावर पडते, असे मराठीच्या अभिमान्यांना वाटे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली, तेव्हा मराठीवर पडलेल्या ह्या इंग्रजी छायेवर त्यांनी कडक शब्दांत प्रहार केले. ज्या भाषेत आपण जन्मलो, तिचे वळण तिच्या स्वतःच्याच पोटातून यावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. कोशकार शब्द जमवू शकतो. पण भाषेचा प्राण तो घडवू शकत नाही.

तथापि ह्याच निबंधमालेची पाने चाळली, तर एक गोष्ट ध्यानात येते. विष्णुशास्त्र्यांची ती लांब, डौलदार, एकात एक गुंफलेली वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम ह्यांच्याच आधाराने उभी आहेत. परकी वाक्यरचना त्यांनी दूर लोटली. पण परक्या खुणा मात्र ठेवून घेतल्या. कारण त्या आता परक्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी मराठी वाक्याला इंग्रजी केले नाही. उलट मराठी वाक्याला पूर्वीपेक्षा लांब झेप घेता येऊ लागली. ज्या वस्तूचा विरोधकालाही उपयोग करावासा वाटतो, तिच्या योग्यतेला दुसरे प्रमाण नको.

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यात शब्दांची संख्या साठ हजारांवर गेली, आणि तिलाही कँडी यांचे साहाय्य होते. त्यांच्या स्वतःच्या इंग्रजी-मराठी कोशाची सुधारलेली आवृत्ती १८७३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांचे वय सत्तरीकडे झुकले होते. तारुण्यात हाती घेतलेले काम म्हातारपणीही ते तपाशीत आणि सुधारीत होते. नीतिज्ञानाची परिभाषा, भाषणसांप्रदायिक वाक्ये अशी अन्य पुस्तकेही त्यांच्या नावावर आहेत.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे मेजर कँडी यांचे देहावसान झाले. अठराव्या वर्षी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ह्या लष्करी अधिकाऱ्याने पंचावन्न वर्षांनी सह्याद्रीच्याच माथ्यावर डोळे मिटले. लढाया जिंकल्याबद्दल त्यांचे नाव कोणी घेत नाही. राज्ये गेली, कंपनी सरकार गेले, इंग्रजांचे राज्यही १९४७ साली गेले. त्यांनी रूढ केलेल्या खुणा मात्र मराठीच्या पानापानावर आहेत.

एखाद्या भाषेची सेवा अनेक प्रकारांनी करता येते. कोणी तिच्यात महाकाव्य रचतो, कोणी तिला नवे विचार देतो. कँडी यांची सेवा त्यांच्या तुलनेने अगदी साधी होती. वाचणारा कोठे अडखळेल, ह्याचा त्यांनी आधी विचार केला आणि तेथे एक खूण ठेवली. लेखक आपल्या अर्थाला बांधलेला असतो. पण विरामचिन्ह देताना त्याला क्षणभर वाचकाच्या जागी जाऊन बसावे लागते. म्हणून स्वल्पविराम योग्य जागी देणे हा केवळ व्याकरणाचा नियम नव्हे, तर ती दुसऱ्याविषयीची आस्था आहे. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याचे लेखन, ते मराठी असो वा इंग्रजी, दुसऱ्याला आपोआप सुगम होते.

अभ्यास

१. पूर्वीच्या पोथ्यांत विरामचिन्हे नव्हती, तरी वाचणाऱ्यांचे का अडत नसे?
२. छापखाना आल्यावर विरामचिन्हांची गरज का वाढली?
३. स्वल्पविराम हा अर्थाचा पहारेकरी आहे, हे पाठातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
४. खोपोलीचा तलाव आणि स्वल्पविराम ह्यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
५. कँडी यांच्यावर कोणता आक्षेप घेतला गेला? त्यात तथ्य किती, ते आपल्या शब्दांत सांगा.
६. पुढील मजकुरात योग्य त्या जागी विरामचिन्हे द्या :
पाऊस उघडला तेव्हा आम्ही कर्जतहून निघालो वाटेत भात नाचणी आणि वरी यांची शेते लागली गोविंदा छत्री घेतलीस का असे आजोबांनी विचारले मी म्हणालो घेतली पण ती घरीच राहिली